कार्ट्रिज निवडायचंय? आधी बसने फिरून या

पायरी पहिली: टर्नटेबल विकत घ्या. बहुतेक नवशिके ही पायरी उरकूनच सल्ला विचारायला येतात, त्यामुळे परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

पायरी दुसरी: कुणा जाणकाराचं ऐकून ऐपतीबाहेरचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, आणा. ते आपल्या टोनआर्मला, म्हणजे ती पेलणाऱ्या दांड्याला, मानवत नाही, हे खोका फाडल्यावर कळतं.

पायरी तिसरी घराबाहेर करायची आहे. कोपरखैरण्याहून वाशीकडे जाणारी एनएमएमटीची बस धरा, संध्याकाळची, खच्चून भरलेली. गतिरोधकावरून ती आदळत नाही, पण पुढे बराच वेळ होडीसारखी डुलते. वाशीला उतरा आणि परतताना एकटेच रिक्षात बसा. आता प्रत्येक खड्ड्याची नोंद थेट तुमच्या मणक्यात होईल. वजन भारी आणि स्प्रिंग मऊ असली की गाडी डुलते. वजन हलकं आणि स्प्रिंग ताठ असली की दणके देते. टोनआर्म म्हणजे गाडीचा सांगाडा, सुईच्या काडीला धरून ठेवणारं इवलंसं रबर म्हणजे स्प्रिंग, आणि तबकडी म्हणजे पावसाळ्यातला रस्ता. विषय संपला. उरलं ते गणित.

डुलण्याचा हा वेग सेकंदाला ८ ते १२ हेलकाव्यांच्या मध्ये हवा. त्याहून बराच खाली गेला, तर बाल्कनीच्या उन्हात वाकलेली तबकडी दांड्याला झोके देऊ लागते. फार वर गेला, तर तो २० हर्ट्झच्या, म्हणजे ऐकू येणाऱ्या खर्जाच्या अंगावर येतो. सूत्र असं: टोनआर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या लवचिकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. टेक्निक्स एसएल-१२००चा दांडा हेडशेलसकट, म्हणजे कार्ट्रिज बसवायच्या टोकाच्या तुकड्यासकट, १२ ग्रॅमचा. त्यावर ऑर्टोफॉन टूएम रेड ७.२ ग्रॅम, स्क्रू साधारण १ ग्रॅम. झाले २०.२. लवचिकता २०. उत्तर ७.९, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. चालेल. पॉइंट एकसाठी झोप घालवणारा माणूस संगीत ऐकत नसतो.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. डेनॉन डीएल-१०३ हे साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनलेलं कार्ट्रिज, वजन ८.५ ग्रॅम, लवचिकता ५. त्याच दांड्यावर हिशेब केला तर उत्तर १५च्या वर येतं. मी वही मिटली आणि 'हे आपल्या दांड्याचं नाही' असं चारचौघांत ठणकावून सांगत फिरलो. पण जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजतात. आपल्याला हवा असतो १० हर्ट्झचा. त्यासाठी दीडपट ते दुप्पट धरावं लागतं. दुप्पट धरा, उत्तर १०.८. चारचौघांना मी अजून हे कळवलेलं नाही.

आता सुईचा भार. टूएम रेडला १.८ ग्रॅम लागतो, म्हणजे जवळपास १५ गुंजा. सोनाराच्या काट्याचं काम आहे हे, अंदाजाचं नव्हे. कमी भार ठेवला की तबकडी कमी झिजते, असं सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंती खरवडते. उलटा प्रकार जुन्या घरांतला. रेकॉर्ड अडकली की काका हेडशेलवर नाणं ठेवायचे. २०११च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. ते ठेवलंत, की भार तिप्पट झाला आणि वर तुमचा वर्गमुळाचा हिशेबही कोसळला.

आजोबांच्या ट्रंकेत बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी सापडली, तर नव्या सुईला तिच्याजवळ नेऊ नका. एलपीची गोल सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉनची, ७८ला ७५च्या आसपास लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळत राहते आणि नाट्यपद सोडून तिथला साठ-सत्तर वर्षांचा कचरा वाचून दाखवते.

शेवटी कार्ट्रिजला जोडायच्या चार तारा. लाल-हिरवी उजव्या बाजूच्या, पांढरी-निळी डाव्या. लाल आणि पांढरी धन, हिरवी आणि निळी ऋण. त्या जोडताना सुईवर टोपी असू द्या, पंखा बंद ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी घरात जो कोणी फडकं घेऊन धूळ पुसतो, त्याला आजच सांगून ठेवा.