ढेकूणमुक्त मजकूर

पुस्तक छापायला निघालेल्या माणसाला ते भेटतातच. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, खिशात पेनड्राइव्ह, आणि तुमच्या कादंबरीचं नाव विचारायच्या आधी प्रश्न, "स्टाइल्स लावल्यात ना?" आमच्यातल्यांना आम्ही पाठीमागे स्टाइलकाका म्हणतो. तोंडावर नुसतं काका. त्याहून जास्त बोलायला ते कुणाला सवड देत नाहीत.

फाइल उघडली की काका कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबतात. वर्डमध्ये लपलेलं सगळं पडद्यावर येतं : टॅबचे बाण, एंटरचे उलटे 'पी' आणि स्पेसचे ठिपके. या ठिपक्यांना काका ढेकूण म्हणतात. एका कवयित्रीबाईंनी शीर्षक मधोमध आणायला स्पेसबारवर अंगठा ठेवून दिला होता. काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ताई, गादी बघा." बाई बिचाऱ्या प्रेमकवितांवर मत घ्यायला आल्या होत्या.

हळूहळू काकांना छापील कागदावरही ढेकूण दिसू लागले. लग्नपत्रिका हातात पडली की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या डावीकडे बोट : "इथे बारा तरी असतील." एका शोकसभेत श्रद्धांजलीचा कागद वाटला, तर शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "माणूस किती शिस्तीचा होता, आणि त्याच्या नावाखाली बघा. ढेकूणच ढेकूण."

कंट्रोल-बी दाबून मथळा ठळक करणाऱ्याशी ते दोन दिवस बोलत नाहीत. ठळकपणा 'हेडिंग 1' मध्ये हवा, हाताने नाही. आणि प्रत्येक स्टाइल दुसऱ्या कशावर तरी बेस्ड असते, मूळ बदललं की पोरं बदलतात, हे तर त्यांचं वेदवाक्य. भाचीसाठी आलेलं स्थळ त्यांनी यावरच फिसकटवलं. "मुलगा पूर्णपणे वडलांवर बेस्ड आहे. उद्या वडलांनी फॉन्ट बदलला की याचाही बदलणार."

देवनागरीचा विषय मात्र काढू नये. फॉन्टच्या खिडकीत आपल्या लिपीसाठी खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा रकाना असतो. लोक वरच्या रकान्यात 14 करतात, मराठी अक्षर जागचं हलत नाही, आणि काकांना फोन येतो. काका म्हणतात, "रकाना बरोबर आहे, तुम्ही कॉम्प्लेक्स आहात."

एवढं करून फाइल पेठेतल्या ऑपरेटरकडे गेली की तो ती आधी नोटपॅडमध्ये ओततो, युनिकोडची श्री-लिपी करतो, आणि इनडिझाइनमध्ये पहिल्यापासून एकेक मथळा ठळक करत बसतो. काकांना हे ठाऊक आहे. त्या गल्लीतून ते जात नाहीत.

आता, खोटं कशाला बोला. एका वाचनालयाची स्मरणिका थेट वर्डमधूनच छापायला जायची होती. पानं भरली 163. फॉर्म सोळा पानांचा, दहा फॉर्मांची 160. म्हणजे तीन पानांपायी अकरावा फॉर्म आणि शेवटी तेरा पानं कोरी. अध्यक्षांचं मनोगत कापा म्हणायची कुणाची छाती नव्हती. काकांनी 'बॉडी टेक्स्ट' उघडलं, ओळींमधलं अंतर 18 पॉइंटांचं साडेसतरा केलं आणि ओके दाबलं. पानं 159. कुठे उकार खालच्या वेलांटीत अडकला नाही. मग अनुक्रमणिकेवर उजवं बटण, अपडेट फील्ड, आणि सगळे पृष्ठांक जागेवर. सांगितलेला चहा अजून यायचा होता. ऋणनिर्देशात त्या चहावाल्याचं नाव आहे, काकांचं नाही. त्यांना विचाराल तर सांगतील की ऋणनिर्देशाला समास चुकीचा दिलाय.

परवा त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्राची फाइल दाखवली. अर्पणपत्रिका, प्रकरणशीर्षक, अवतरण, तळटीप, सगळ्या स्टाइल्स तयार. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर. बालपण, नोकरी, बदल्या, ही. मथळ्यांखाली काही नाही. मी मुद्दाम कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबलं, तर ढेकूण औषधालाही नाही. फक्त 'ही' हा मथळा बाकीच्यांपेक्षा जाड दिसत होता. स्टाइल तीच, वरून कंट्रोल-बी.

"मजकूर कधी?" मी विचारलं.

"मजकुराचं काय हो," काकांनी फाइल बंद केली, "ओतला की बसतो."