आराखडे सर

सरांचं खरं आडनाव वेगळं आहे. शाळेच्या मस्टरवर ते आहे, पगारपत्रकावरही आहे, पण स्टाफरूममध्ये ते आता कुणाच्या तोंडात राहिलेलं नाही. ज्या माणसानं बटणाच्या प्लॅस्टिक फायलीतून सात वर्षं एकच संशोधन आराखडा मिरवला, त्याला दुसरं नाव शोभलंही नसतं. शिपाईमामासुद्धा "हा आराखडे सरांचा" म्हणून चहाचा कप ठेवतात. सरांनी कधी हरकत घेतली नाही. घ्यायची तर आधी 'हरकत' या संज्ञेची कार्यात्मक व्याख्या द्यावी लागली असती.

सगळ्याचं मूळ एका स्वल्पविरामात आहे. सरांनी घर बांधलं तेव्हा दारावरची पाटी रंगवायला दिली. पेंटरनं नाव लिहिलं, खाली 'बी.ए., बी.एड.,' एवढं लिहिलं आणि चहाला गेला. परत येऊन ब्रश बुडवत म्हणाला, "हां सर, पुढं काय?" पुढं काहीच नव्हतं. स्वल्पविराम खोडायचा तर पाटी पुन्हा रंगवावी लागणार आणि त्याचे पैसे वेगळे. सर पडले मराठीचे शिक्षक. वाक्य अर्धवट सोडलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी पाटी तशीच ठोकून घेतली आणि पुढच्या जूनमध्ये दूरशिक्षणानं एम.ए. शिक्षणशास्त्राला नाव घातलं.

पेपर पहिल्या फटक्यात सुटले. राहिला लघुशोधप्रबंध. यातला 'लघु' कुणी घातला कोण जाणे. सव्वाशे पानांच्या खाली कुणाचा झालेला मी पाहिला नाही.

सुरुवातीला सरांकडे एक प्रश्न होता, आणि प्रामाणिकपणे सांगतो, चांगला होता. आठवीच्या वह्या तपासता तपासता एकदा त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "पोरं 'आणि'ला दीर्घ वेलांटी का देतात हो?" मी गणिताचा माणूस. म्हटलं, लक्ष नसतं म्हणून. "नाही ना," सर म्हणाले. "मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हा नियम आम्हीच शिकवतो. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद. म्हणजे 'आणी' लिहिणाऱ्या पोराला नियम येतोय, अपवाद येत नाहीये. आणि आपण त्याला लाल गोल मारतो." साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे वाढीव चार असे अठरा नियम त्यांना पाठ आहेत. पण नियम पाळल्यामुळे पोरगं चुकतं, हे त्यांनी स्वतः पकडलेलं होतं. एवढ्यावरच थांबून ते वह्या गोळा करत बसले असते, तर हे व्यक्तिचित्र झालं नसतं.

त्यांनी तो प्रश्न मार्गदर्शकांकडे नेला. पहिले मार्गदर्शक म्हणाले, विषय फार संकुचित आहे. ते निवृत्त झाले. दुसरे म्हणाले, फार व्यापक आहे. त्यांची बदली झाली. तिसऱ्यांनी फाईल हातात न घेताच विचारलं, "यात चिकित्सक कुठाय?" या तिघांच्या आशीर्वादानं त्या साध्या प्रश्नाचं जे झालं ते असं: 'तालुक्यातील अनुदानित माध्यमिक शाळांतील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी लेखनातील ऱ्हस्व-दीर्घविषयक चुकांचा शोध, त्यांवरील उपचारात्मक अध्यापन कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा चिकित्सक अभ्यास'. हे शीर्षक एका दमात वाचणाऱ्याला आम्ही स्टाफरूममध्ये वडापाव लावला होता. 'निर्मिती'च्या पुढं कुणी गेलं नाही.

सरांची काम करण्याची रीत अशी, की सगळ्यात आधी ऋणनिर्देश लिहून झाला. तीन पानांचा. मार्गदर्शक बदलला की फक्त नाव बदलायचं. 'ज्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करीन' हे तसंच. मध्ये कुणीतरी त्यांच्या डोक्यात साम्यतपासणीचं भूत घातलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढं गेलं की पंचाईत. सर दोन रात्री झोपले नाहीत, कारण त्यांचा ऋणनिर्देश आणि जगातला कुठलाही ऋणनिर्देश यांत साम्य शंभर टक्के. मग नियमावली मुळातून वाचली, तर प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि संदर्भसूची तपासणीतून वगळलेली निघाली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे दिले. त्यांच्या संशोधनाचा तोवर तयार असलेला एकुलता एक भाग कायद्यानं सुरक्षित ठरला होता.

'संबंधित साहित्याचा आढावा' घ्यायला ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जायचे. सुटीच्या दिवशी पहाटेची एसटी, डब्यात धपाटे. एकदा मीही गेलो. बुचसाहेबांनी बडोद्याहून १९७४ मध्ये काढलेल्या शैक्षणिक संशोधनाच्या सर्वेक्षणापासून कालपरवाच्या प्रबंधांपर्यंत सर सगळं बघतात. बघतात म्हणजे शेवटचं प्रकरण आधी उघडतात. तिथं शिफारशी असतात. शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा वापर करावा, पालकांनी लक्ष द्यावे, शासनाने प्रशिक्षण आयोजित करावे. सर त्या अतिशय सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेत होते. मी म्हटलं, "सर, तुमचा निष्कर्ष अजून यायचाय, शिफारशी आधीच कशा?" त्यावर त्यांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "शिफारशी बदलत नसतात."

दोन वर्षं तर गृहीतक आणि परिकल्पना यांतला फरक समजावण्यात गेली. गृहीतक म्हणजे जे आपण खरं धरून चालतो, परिकल्पना म्हणजे जे तपासायचं आणि शून्य परिकल्पना म्हणजे फरक पडणार नाही असं म्हणायचं आणि तो पडावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे. ही शेवटची व्याख्या माझी. घरी वहिनींनाही या भाषेची सवय झाली आहे. मेहुणीसाठी आलेल्या पहिल्याच स्थळाला सगळे तयार असताना सर म्हणाले, "नमुना फारच लहान आहे." वहिनी म्हणाल्या, "अहो, तिचं लग्न आहे, सर्वेक्षण नाही." हे मला वहिनींनीच सांगितलं, सर मान हलवत शेजारी बसले होते.

सातव्या वर्षी, नोंदणी दुसऱ्यांदा नव्यानं केल्यावर, प्रयोग झाला. आठवी अ हा प्रायोगिक गट, आठवी ब हा नियंत्रित गट, दोन्हीकडे चाळीस-चाळीस पोरं. आधी पन्नास गुणांची पूर्वचाचणी, मग अ तुकडीला पंधरा दिवस उपचारात्मक अध्यापन, मग दोघांनाही उत्तरचाचणी. ब तुकडीला काही म्हणजे काही करायचं नाही, ही त्यातली मुख्य अट. ती पाळणं सोपं होतं, कारण त्यांच्या वर्गशिक्षिका मतदार यादीच्या कामाला गावभर फिरत होत्या. सरांनी अ साठी जीव तोडून तयारी केली. रंगीत कार्डं, ऱ्हस्व-दीर्घाची सापशिडी, शब्दांच्या भेंड्या. पोरांना मजा आली. कार्डं हरवली, सापशिडीवरून दोन मारामाऱ्या झाल्या, पण ते चालतंच.

इकडे ब मध्ये काय चाललं होतं ते मी समोरच्या वर्गाच्या खिडकीतून रोज बघत होतो. पोरांना सांगितलेलं होतं, शांत बसा, काहीतरी लिहीत बसा. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. मुलींच्या स्वच्छतागृहाशेजारचा नळ दिवाळीपासून कोरडा होता. 'मा. मुख्याध्यापक यांस. विषय: नळाला पाणी येत नसलेबाबत.' हा 'नसलेबाबत' त्यांनी कुठून उचलला देव जाणे. बहुधा कुणाच्या तरी घरी ग्रामपंचायत आहे. मुख्याध्यापकही मूळचे मराठीचेच. त्यांनी 'मुख्याधापक', 'विनंति', 'पाणि' अशा सतरा ठिकाणी हिरव्या शाईनं गोल केले आणि शेरा मारला: शुद्ध करून पुन्हा सादर करावा.

पोरं पेटली. दुसरा अर्ज, अकरा चुका. तिसरा, सात. शब्दकोश आला. एक मुलगी फळ्याशी उभी राहून एकेका शब्दावर हात वर करायला लावायची. 'विनंती'वर बहुमतानं दीर्घ ठरली. 'आणी'वर तर एवढं भांडण झालं की एक पोरगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. मी त्याला सरांकडे पाठवलं. सरांनी त्याला हाकललं. नियंत्रित गटाशी बोलणं नियमात बसत नव्हतं. मग त्यानं स्टाफरूममधला पेपर पळवला आणि सगळ्या वर्गानं त्यात 'आणि' शोधले. पंचेचाळीस सापडले, सगळे ऱ्हस्व. सहावा अर्ज बिनचूक गेला.

उत्तरचाचणीचे गुण घेऊन सर माझ्याकडे आले. टी मूल्य काढून द्यायचं ठरलेलं होतं. एक्सेलमध्ये आकडे भरता भरता मी त्यांना सांगितलं, की ही परीक्षिका लहान नमुन्यांसाठी ज्यानं शोधली, तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. मालक कामगारांना स्वतःच्या नावानं छापू देत नसत, म्हणून १९०८ मध्ये त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं लेख छापला. सर माळकरी. दर आषाढीला दोन मुक्काम तरी चालतात. त्यांनी गळ्यातली माळ चाचपली आणि विचारलं, "दुसरी कुठली परीक्षिका नाही का?"

दुसरी असती तरी उपयोग नव्हता. अ तुकडीची सरासरी चार गुणांनी वाढली होती, ब ची नऊ गुणांनी. टी मूल्य आलं २.८७. कोष्टकात ०.०५ स्तराला लागतं १.९९. म्हणजे फरक सार्थक होता, शून्य परिकल्पना ऐटीत मोडली होती, पण भलत्याच बाजूनं. सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नियंत्रित गटच अनियंत्रित झाला."

मी त्यांना अर्जाची सगळी हकीकत सांगितली. सहाही अर्ज मुख्याध्यापकांच्या फाईलला आहेत म्हणालो. "सर, सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सापडलंय तुम्हाला. पोराला कुणाला तरी काहीतरी खरंच सांगायचं असलं की वेलांटी सुधारते. हाच निष्कर्ष लिहा." सरांचे डोळे चमकले. खोटं नाही सांगत, क्षणभर ते वह्या तपासताना मान वर करणारे जुने सर दिसले. दुसऱ्या दिवशी सहा अर्जांच्या झेरॉक्स घेऊन ते मार्गदर्शकांकडे गेले.

मार्गदर्शकांनी झेरॉक्स उलट्यापालट्या केल्या. म्हणाले, नळ आपल्या उद्दिष्टांत नाही. आराखडा मंजूर आहे, त्यात नळ कुठेही नाही. हे बाह्य चल आहे. बाह्य चलांची जागा मर्यादांत.

यात चूक त्यांची एकट्याची आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही टेबलावर तसलेच चौदा प्रबंध होते आणि जमा करायची तारीख चार दिवसांवर. सरांनीही वाद घातला नाही. वाद घालायला आराखडा बदलावा लागला असता, आणि आराखड्यावाचून सर म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. प्रबंधात चाचणीचं कोष्टक खरं तेच छापलं आहे, तेवढं इमान त्यांनी सोडलं नाही. मात्र त्याच्याखाली 'कार्यक्रमामुळे प्रायोगिक गटाच्या संपादणुकीत वाढ झाली' एवढंच वाक्य आहे. चार गुणांची झालीच होती. ब चं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. तोंडी परीक्षेत पहिला आणि शेवटचा प्रश्न होता, संदर्भसूचीत प्रकाशकाआधी स्वल्पविराम की पूर्णविराम.

एसटी स्टँडमागचा बाइंडिंगवाला सोनेरी अक्षरांना एवढं शीर्षक घेईना. म्हणाला, "सर, पुठ्ठा संपतो हो." शेवटी '...चिकित्सक अभ्यास' एवढंच पुठ्ठ्यावर उमटलं, कशाचा ते आत.

सर आता एम.ए. झाले. पाटीवरच्या स्वल्पविरामापुढं पेंटरनं ते नीट बसवलं, आणि हात सैल सुटल्यानं त्याच्यापुढं आणखी एक स्वल्पविराम दिला. परवा सरांची बटणाची फाईल मला पुन्हा दिसली, आत पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचं माहितीपत्रक होतं.

ब तुकडीचा नळ सहाव्या अर्जानंतर चौथ्या दिवशी दुरुस्त झाला. पाणी येतं.