झोक्याखालची जमीन

नव्या गृहसंकुलाचं माहितीपत्रक उघडा. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, आणि शेवटच्या पानावर मुलांचा ‘प्ले एरिया’. लाल-पिवळा झोका, निळी घसरगुंडी, हसरं मूल. आता त्या मुलाच्या पायाखाली काय आहे ते बघा. बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉक. ज्या ब्लॉकवरून पाण्याचा टँकर जातो, त्याच ब्लॉकवर पाच वर्षांचं पोर पडणार आहे. हे नकाशा काढताना, बिल मंजूर करताना, ताबा घेताना कुणाच्याच मनात येत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

पडणार आहे, असंच म्हणते मी. झोक्यावरून मूल कधी ना कधी पडतंच. म्हणून झोकाच नको, हा घाबरट उपाय मला मान्य नाही. मुलांना उंची हवी, वेग हवा, पोटात गोळा यायला हवा. पण मग पडण्याची सोय आपण करून ठेवायची, आणि ती सोय रंगात, छतात, घसरगुंडीच्या वळणात नसते. ती जमिनीत असते. अंगणात झोका बसवायचा असेल तर पहिला रुपया तिथे घाला.

थोडं गणित करू. दोन मीटर लांबीच्या साखळीचा झोका साठ अंशांपर्यंत मागे नेऊन सोडला, तर तळाशी येताना त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. सायकलचा वेग आहे हा. त्याच क्षणी साखळ्यांवर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट ओढ पडते. साखळी आडवी होईपर्यंत झोका चढवला तर तिप्पट. म्हणजे ३० किलोचं मूल वरच्या दांडीला ९० किलोंची ओढ देऊ शकतं. मुलांना निजवून सत्तर किलोचे काका रात्री हौसेनं झोक्यावर बसतात, तेव्हा काय होतं ते तुम्हीच काढा. ‘आम्ही लोंबकळून बघितलं, मजबूत आहे’ ही परीक्षा स्थिर वजनाची झाली. झोका स्थिर नसतो.

आणि पडताना मूल हात पुढे टाकतं. कोपराच्या जरा वर हाड मोडतं. पाच-सात वर्षांच्या मुलांमधलं हे फ्रॅक्चर हाडांच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. हाड जुळून येतं. डोक्याचं तसं सांगता येत नाही.

‘आमच्याकडे हिरवळ आहे की!’ हिरवळ पुरत नाही. झोक्याखाली पाय घासून घासून ती पहिल्या महिन्यात जाते. मग देशावर उन्हाळ्यात वाळून टणक झालेली काळी माती उरते आणि कोकणात जांभा. घरगुती खेळसाधनांसाठी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची एक पुस्तिका आहे. ती स्पष्ट सांगते की माती आणि गवत ही सुरक्षित जमीन नव्हे. लाकडाचे तुकडे, सालपटं किंवा रबराचा चुरा हवा, किमान नऊ इंचांचा थर. हे सात फुटांपर्यंतच्या साधनांसाठी. वाळू किंवा बारीक गोल खडी तेवढ्याच जाडीची, पण ती पाच फुटांपर्यंतच. आपल्याकडे वाळू महाग म्हणून कंत्राटदार क्रश सँड आणून ओततो. ती घेऊ नका. तिच्यातली भुकटी एका पावसात बसते आणि जमीन पुन्हा दगड होते. रबरी फरशी बसवणार असाल तर किती उंचीवरच्या पडण्यासाठी ती तपासली आहे, याचं प्रमाणपत्र मागा. जिममध्ये अंथरतात ती बोटाएवढी फरशी काँक्रीटवर चिकटवून भागत नाही.

हा थर कुठवर? वरची दांडी जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट पुढे आणि तेवढाच मागे. सात फुटांची दांडी असेल तर चौदा फूट पुढे, चौदा मागे. म्हणजे अठ्ठावीस फूट! रो-हाऊसच्या मागच्या अंगणात एवढी जागा सापडणं कठीण. मग दांडी खाली आणा. सहा फुटांवर चोवीस फुटांत काम होतं. तेवढीही जागा नसेल तर झोका बसवू नका, वाळूचा हौद करा. मुलं त्यात तितकाच वेळ रमतात. बाजूंनाही सहा फूट मोकळे ठेवायचे, आणि हे मोजताना अंगणातल्या खऱ्या वस्तू डोळ्यांपुढे आणा: तुळशी वृंदावन, धुण्याचा दगड, विहिरीचा कठडा, उभी केलेली मोटरसायकल. सगळ्यांत वाईट म्हणजे कपडे वाळत घालायची तार. झोक्यावरून उडी मारून धावत सुटलेल्या मुलाच्या गळ्याशी ती बरोबर येते. दिंडीदरवाजा ते मागचं दार या वाटेवर झोका नकोच, कारण आईने हाक मारली की धाकटं मूल सरळ झोक्यासमोरून पळत येतं. आणि नारळाखाली झोका बांधणाऱ्यांना एकच विनंती, एकदा वर बघा.

आता खरेदी. घरगुती वापराचे झोके आणि घसरगुंड्या खेळण्यांच्या भारतीय मानकात येतात, आयएस ९८७३ च्या चौथ्या भागात. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकायला बंदी आहे. ऑनलाइन मागवताना चित्रावर भाळू नका. चिन्ह शोधा, नाही दिसलं तर विक्रेत्याला विचारा.

पण आपल्यातले बरेच जण ओळखीच्या वेल्डरकडूनच झोका करून घेतात, आणि त्यात काही गैर नाही. चांगला फॅब्रिकेटर बाजारातल्या पातळ पत्र्याच्या सेटपेक्षा दणकट वस्तू देतो. फक्त त्याच्यापुढे ‘चांगलं बनवा’ एवढंच म्हणून उभं राहू नका. दोन इंची जीआय पाइप सांगा, आणि निळ्या पट्टीचा मागा. पिवळी पट्टी हलक्या पाइपाची, निळी मध्यम, लाल जड. पिवळा स्वस्त पडतो म्हणून तोच आणला जातो. पाय सरळ उभे नकोत, दोन्ही टोकांना इंग्रजी ‘ए’सारखे फाकलेले हवेत. पायांना दोन-दोन फुटांचे खड्डे, आत काँक्रीट, आणि काँक्रीटचं तोंड सैल थराखाली दडलेलं. त्यावर डोकं आपटता कामा नये, आणि पायही अडखळता कामा नये. पाइप काँक्रीटमधून बाहेर येतो तिथेच गंज आधी धरतो, म्हणून तेवढ्या भागाला डांबर लावून घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळालेला असतो. तिथे आधी झिंकचा प्रायमर आणि मग रंग. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारा. त्या आठवड्यात मुलं हट्ट करतील. करू द्या.

एका दांडीला दोनच झोके. दोघांत दोन फूट आणि खांबापासून अडीच फूट अंतर. साखळी अडकवायचा ‘एस’ आकाराचा हुक असेल तर त्याची दोन्ही तोंडं पक्की दाबून बंद केलेली हवीत, एवढी की फटीत नाणंही जाऊ नये. उघडा हुक कपडा धरतो. पायऱ्या, कठडे, जाळ्या यांतल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा लहान किंवा नऊ इंचांपेक्षा मोठ्या असाव्यात. मधल्या मापात मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं.

आणि ती लोखंडी पाटी! अनेक सार्वजनिक बागांत आजही झोक्याला कोपरे असलेली लोखंडी पाटी असते. रिकामी झालेली पाटी परत येताना मागे उभ्या मुलाच्या कपाळावर, दातांवर बसते. विदर्भात मे महिन्यात तिच्यावर बसणंही शक्य नसतं. बसायला जाड रबरी पट्टा घ्या. अगदी लहानांसाठी चारही बाजूंनी आधार देणारी बादलीसारखी बैठक, तीही मोठ्यांच्या झोक्यापासून वेगळी. जुन्या टायरचा झोका चांगला, पण त्याला खालून भोकं पाडा. पावसाळ्यात टायरमध्ये साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

झाडाचा झोका मला सर्वांत प्रिय आहे. श्रावणात, नागपंचमीला वडाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला झोका बांधण्याची आपली रीत फार सुंदर. त्या रीतीत एक शहाणपण आहे: झोका सणापुरता बांधायचा आणि उतरवायचा, पुढच्या वर्षी दोर नवा. आज निळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या दोराने झोका बांधतात आणि तो वर्षानुवर्षं तसाच लटकतो. उन्हात हा दोर ठिसूळ होतो, हातात चुरा येऊ लागतो, आणि तुटतो नेमका फांदीजवळ, जिथे कुणाची नजर जात नाही. शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्या फांद्यांवर भरवसा ठेवू नका. फांदी जिवंत आणि मांडीएवढी जाड हवी, पोकळ नको. दोर थेट सालीवर घासू देऊ नका, रुंद पट्टा घाला.

साडीच्या झोळीत किंवा झोक्यात गळ्याला फास बसून मूल गेल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते, आतल्या पानावर, चार ओळींत. त्या चार ओळी वाचून आपण पान उलटतो. कृपा करून उलटू नका. झोक्यावर चढण्याआधी मुलीची ओढणी काढा, टोपीच्या नाड्या आत घाला, सायकलचं हेल्मेट उतरवा, गळ्यातला ताइताचा काळा दोराही काढून ठेवा. देव रागावणार नाही. झोक्याला उड्या मारायची दोरी किंवा कुत्र्याचा पट्टा बांधून खेळणं तर मुळीच नको.

देखभाल रोजची नसते, म्हणूनच ती विसरते. महिन्यातून एकदा थर खणून सारखा करा. झोक्याच्या बरोबर खाली पायांनी खड्डा पडतो, म्हणजे जिथे मूल पडतं तिथेच थर सर्वांत पातळ होतो. सैल थर काळानुसार पाव हिस्सा तरी दबतो, तेव्हा वर्षातून एकदा नवी भर घाला. वाळूत मांजरं जातात, काचा येतात. फावडं आणि दंताळं हाताशी ठेवा. झोका करकरू लागला की नुसतं तेल सोडू नका, कडी उतरवून किती झिजली आहे ते बघा. झिजली असेल तर बदलायची, पुढच्या महिन्यावर टाकायची नाही. पावसाळ्यानंतर पाइप हातोडीने ठोकून पाहा. आतून गंजलेला पाइप बद्द वाजतो. रत्नागिरी, अलिबाग, गोवा इथल्या खाऱ्या वाऱ्यात हे वर्षातून दोनदा करा.

सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे पार्किंगवर दोन तास जातात. सचिवांना आजच लेखी पत्र द्या आणि विषयपत्रिकेत एक ओळ घालायला लावा: झोक्यांखालचे पेव्हर ब्लॉक काढणे, जागा अपुरी असल्यास चार झोक्यांचे दोन करणे आणि त्यासाठीचा खर्च मंजूर करणे. ठराव होईपर्यंत साखळ्या उतरवून कार्यालयात कुलपात ठेवा. दोरीने वर गुंडाळून ठेवू नका, मुलं ती गाठ दुपारीच सोडतात.