अंगणातला हिमाचल

रायपूरच्या मराठी माणसाला थंडीचं भारी कौतुक. डिसेंबरात पहाटे पारा जरा खाली घसरला की आम्ही कानटोप्या चढवतो आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भेटेल त्याला "यंदा कडाका आहे हं" असं बजावतो. अशाच एका कडाक्यात माझ्या वाचनात आलं, की बिलासपूरच्या हरिमन शर्मा नावाच्या शेतकऱ्यांनी उष्ण हवेत फळणारं सफरचंद तयार केलंय. एचआरएमएन-९९ त्याचं नाव. (पुढे २०२५ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली.)

बिलासपूर! म्हणजे आमच्याहून रेल्वेने जेमतेम दोन तास. तिथे सफरचंद लागतं तर रायपूरनं काय घोडं मारलंय? हिमाचल प्रदेशातही एक बिलासपूर आहे आणि शर्माजी तिथले, हे बायकोनं सांगेपर्यंत पैसे भरून झाले होते. एचआरएमएन-९९ तर मागवलंच, शिवाय ॲना आणि डॉर्सेट गोल्डनची जोडीही. सफरचंद बहुधा स्वतःच्या परागावर नीट धरत नाही, जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. वर हौस म्हणून ब्लूबेरीचं एक झुडूप.

खड्डे खणायला आलेल्या माळीकाकांनी पहिल्याच घावाला सब्बल टाकली. आमचं अंगण म्हणजे भाठा, तांबडी मुरमाड जमीन. "ये भाठा म बंभरी घलो मुश्किल ले जामथे, बाबूजी," ते म्हणाले. बाभळीची आणि सफरचंदाची तुलना मला अपमानास्पद वाटली.

थंड हवेच्या झाडाचं गणित तसं सरळ असतं. हिवाळ्यात ते पानं गाळून झोपतं आणि सात अंशांखालच्या गारठ्याचे ठरावीक तास भरल्याशिवाय त्याचे डोळे फुटत नाहीत. सिमल्याकडच्या रॉयल डेलिशसला असे हजाराच्या वर तास लागतात, ॲनाचं दोन-तीनशेत भागतं. रायपूरचा हिवाळा आम्हाला कानटोपी घालायला पुरतो, झाडाला झोप लागायला पुरत नाही.

मग थंडीची सोय मी केली. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून संध्याकाळी बुंध्याशी रचू लागलो. शेजारचे निवृत्त पटवारी कुंपणावरून डोकावले. "भाईसाब, घर में शादी है क्या?" गारठा फांदीवरच्या डोळ्यांना लागतो, मुळांना नव्हे, हे मला बर्फवाल्याची उधारी थकल्यावर कळलं. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामूची आम्ल माती लागते असं वाचून मी कुंडीत आंबट ताक ओतलं. ब्लूबेरी वाळली. गल्लीतलं मांजर मात्र बाळसं धरू लागलं.

पुढच्या हिवाळ्यात मला जावा बेट सापडलं. तिथल्या बातू गावात थंडी नसताना सफरचंद पिकतं, कारण शेतकरी तोडणीनंतर झाडाची पानं हातानं ओरबाडून काढतात. झाड फसतं, हिवाळा झाला समजून पुन्हा फुलतं. मी भल्या पहाटे तिन्ही झाडं बोडकी केली. सकाळी ते दृश्य पाहून बायको तडक मागच्या गल्लीत गेली आणि शेळीवाल्या बाईंशी कडाक्याचं भांडून आली. मी शेळीच्या बाजूनं साक्ष दिली नाही.

मे महिन्यात नवतपा लागला. रायपूरचे ते नऊ दिवस माणसालाच सोसत नाहीत, तिथे पानं नसलेल्या सफरचंदाची काय कथा. तिन्ही झाडांच्या काटक्या झाल्या. पण पावसाच्या पहिल्या सरीनंतर ॲनाच्या बुडातून तरारून फुटवे आले! मी पेढे आणून अख्ख्या गल्लीत वाटले. शेळीवाल्या बाईंना दोन जास्त दिले.

माळीकाकांनी पेढा तोंडात टाकला, उकिडवे बसले आणि खोडावरची जोडाची गाठ बोटानं दाखवली. तिच्या वरचं लाकूड नखानं खरवडलं तर आत कोरडं, तपकिरी. खाली मात्र हिरवंगार. "कलम ह तो मर गे हे, बाबूजी. ये खाल्हे के जंगली आय." म्हणजे ॲना केव्हाच गेली होती आणि मी तिच्या खुंटाचं बारसं साजरं करत होतो.

तेव्हा रायपूरकरहो, नाशपाती खावीशी वाटली तर आपल्याच राज्यातल्या जशपूरची खा, तिथल्या डोंगरात ती सुखानं पिकते. अंगण भाठ्यावर असेल तर सीताफळ लावा, आवळा लावा, कुंपणाला करवंद लावा. ही मंडळी बर्फ मागत नाहीत. एवढं ऐकूनही सफरचंदच लावायचं असेल, तर नर्सरीवाल्याला गोडी विचारू नका, गारठ्याचे तास किती लागतात ते विचारा. आणि जोडाच्या खालून आलेला फुटवा दिसल्या दिवशी खुडून टाका. पेढे वरचा फुटवा बघूनच आणावेत.