छातीवर तार

शहरांत सध्या आठवणी पिनेला टोचून विकतात. टिकलीपेक्षा मोठा, झाकणापेक्षा छोटा बिल्ला. त्यावर कॅसेट, फ्लॉपी, एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी, नाहीतर कुठल्यातरी बंद थिएटरचं बाल्कनीचं तिकीट. किंमत दोन-अडीचशे. एवढ्यात कधीकाळी गाण्यांसकट कॅसेटी यायच्या, पण हिशेब काढणाऱ्याला लोक म्हातारा म्हणतात.

आमच्या आखाडा बाळापूरला बिल्ल्याचं अप्रूप नाही. सेल्युलॉइड मढवलेल्या बिल्ल्याचं पेटंट अमेरिकेतल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं १८९६ साली घेतलं आणि त्याच वर्षी तो तिथल्या निवडणुकीत कोटांवर चढला. आपल्याकडं तो प्रचाराच्या जीपमधून उधळला जायचा. पोरं जीपमागं पळायची, धुरळा खायची आणि हाती येईल तो बिल्ला छातीला लावायची. सकाळी एका पक्षाचा, सांजच्याला दुसऱ्याचा. आजच्या पुढाऱ्यांचं शिक्षण तिथंच झालं असावं.

दुसरा बिल्ला पितळी. हमालाच्या दंडावर, कंडक्टरच्या खिशावर. त्यावर नंबर, आणि त्या नंबरावर घर चालायचं. अमिताभनं १९८३ च्या ‘कुली’त ७८६ नंबर मिरवला तेव्हा तो झळकला, एरवी घामानं काळा पडायचा. तो कुणी हौसेनं लावला नाही.

हौसेच्या बिल्ल्यांत माझा खरा राग तारेच्या बिल्ल्यावर आहे. १५ जुलै २०१३ पासून आपल्याकडं तारसेवा बंद झाली. आदल्या दिवशी शहरांतल्या तारघरांसमोर रांगा लागल्या. त्यांतल्या कित्येकांची ती आयुष्यातली पहिलीच तार! ज्यांनी कधी विचारपूस केली नाही, ते मयताला सगळ्यांत पुढं. मुंबईतही तेच. काळा घोड्याच्या ‘रिदम हाउस’ या गाण्यांच्या दुकानाला २०१६ मध्ये टाळं लागलं, त्याच्या वर्षभर आधी जहांगीर कलादालनातलं ‘समोवार’ उपाहारगृह गेलं. दोन्हीकडं शेवटच्या दिवसांतली गर्दी बघण्यासारखी होती. तीच गर्दी चार वर्षं आधी आली असती, तर बिल्लेवाल्याचा धंदा बुडाला असता.

शिवाय खेड्यात तार म्हणजे काय, हे त्या बिल्ल्यावर मावत नाही. तारवाला गल्लीत शिरला की कागद फुटायच्या आधीच बायामाणसांचा हंबरडा. इंग्रजी वाचणारा मास्तर सापडेपर्यंत अर्धी गल्ली गोळा, आणि मग कळायचं की पाव्हणे गुरुवारी येतायत. असा बिल्ला लावून नातवानं आजीपुढं एकदा उभं राहून दाखवावं.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विरघळलं. म्हणजे त्याचाही बिल्ला निघणार. सावकाराची नोटीस, बँकेचं पत्र, कोर्टाचं समन्स रजिस्टरनंच यायचं. ते छातीवर मिरवणारा शेतकरी मला बघायचाय.

आणि आता लाल एसटीचा बिल्लाही निघालाय. बनवणाऱ्याला घाई झाली. १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर निघालेली एसटी अजून बाळापूरला थांबते, माणसं दारात लोंबकळून चढतात. दिवाळीला गावी आलेल्या एका पोराच्या पिशवीवर तो बिल्ला दिसला. कौतुकानं विचारलं, ‘‘कुठल्या गाडीनं आलास?’’

‘‘ट्रॅव्हल्सनं, काका. एसटीत कोण बसतंय?’’