नाना चार्ज घेतात

निवृत्त झालेला मराठी माणूस एक तर सोसायटीच्या कमिटीवर जातो, नाहीतर स्वयंपाकघरात शिरतो. कमिटीतल्याला पुढच्या निवडणुकीत पाडता तरी येतं. दुसऱ्या प्रकाराला मी नाना म्हणतो. डोंबिवली असो की कोथरूड, दर दोन जिन्यांमागे एक नाना सापडतोच.

नोकरीत असेपर्यंत नानांचा स्वयंपाकाशी संबंध 'मीठ कमी आहे' एवढ्या शेऱ्यापुरता. आता ते दर रविवारी चार्ज घेतात. म्हणजे ओट्यावरचं सगळं आधी खाली उतरतं आणि 'पद्धतशीर' पुन्हा वर चढतं. डब्यांना चिठ्ठ्या लागतात. इतकी वर्षं काकूंना चिठ्ठीवाचून हिंग सापडत होता, हा मुद्दा गौण. नाना कांदा चिरत नाहीत. कांदा चिरून ठेवलेला असावा लागतो. लसूण सोललेली, खोबरं खवलेलं, चिंच भिजलेली आणि काकू हाकेच्या अंतरावर. एवढं झालं की नाना एकट्याने सगळा स्वयंपाक करतात.

त्यांचं खरं भांडण 'रुचिरा'शी. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापावर त्याने कित्येक घरांतल्या नवख्या सुना तारून नेल्या. काकूंच्या प्रतीची पानं तेला-हळदीने पिवळी झालीत. नानांचा सवाल एकच. "वाटी म्हणजे कोणती वाटी? आमटीची की श्रीखंडाची? ऑडिटला काय दाखवणार?" शेवटी त्यांनी डिजिटल वजनकाटा आणला.

काट्याचं उद्घाटन गणपतीत, उकडीच्या मोदकांवर झालं. घरात चालत आलेलं प्रमाण म्हणजे वाटीभर तांदळाच्या पिठीला वाटीभर पाणी. नानांनी ते शास्त्रशुद्ध केलं : दोनशे ग्रॅम पिठी, दोनशे ग्रॅम पाणी. आता पिठीची वाटी पाण्याच्या वाटीपेक्षा बरीच हलकी भरते. वजनाला वजन घेतलं की पाणी कमी पडणारच. परातीत उकड आली ती कोरडी ठाक. तेलपाण्याचा हात लावून नाना पारी करायला बसले, तर कडेला चिरा. कळी पाडायला गेले, तर कळीच हातात. सारण मात्र फक्कड होतं. ओला नारळ, गूळ, वेलची, खसखस, सगळं बाहेरूनच दिसत होतं.

नानांनी लगेच चौकशी लावली. आधी तांदूळ दोषी ठरला, मग गिरणीवाला, मग महापालिकेचं पाणी. तेवढ्यात काकूंनी उकडीवर गरम पाण्याचा हबका मारला, ज्या वाटीवर आक्षेप होता तिच्याच बुडाने ती रगडली आणि एकवीस मोदक हळदीच्या पानावर वाफवायला ठेवले. आरतीला जमलेल्यांना नाना समजावून सांगत होते, "सगळं उकडीवर असतं. कळ्या काय, कोणीही पाडतं."

तरी एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. नानांची कटाची आमटी उत्तम होते. पुरणाची डाळ शिजवून निथळलेला कट जेवढा निघेल तेवढा घ्यायचा, म्हणजे काट्याला कामच नाही. त्यात चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजून वाटलेलं खोबरं, आणि वरून कढीलिंबाची फोडणी. या आमटीला भरपूर उकळ्या लागतात, आणि नानांना सांगण्यासारखं भरपूर असतं. त्यांच्या १९८० सालच्या बदलीची हकीकत संपेपर्यंत ती अशी काही मुरते की पुरणपोळी बाजूला राहते. मागच्या होळीला मी दोन वाट्या नुसती प्यालो. किती मिलिलिटर झाली ते नानांनी विचारलं नाही.

सध्या दिवाळीचे वारे आहेत. चकलीची भाजणी यंदा नाना करणार. तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस किती तापमानाला भाजायचा याचा तक्ता फ्रिजवर लागलाय, थर्मामीटर मागवलाय. काकूंनी तक्त्याचं कौतुक केलं आणि पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाईंना दोन किलो तयार भाजणी सांगून ठेवली. नाना दुपारी आडवे झाले की आणायची.