बाटल्यावाला

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरलो होतो. भाचा लॅपटॉपवर 'प्रो सायकलिंग मॅनेजर' खेळत बसलेला. पॅरिस-रूबे: एका दिवसाची शर्यत, अडीचशेच्या वर किलोमीटर, त्यातले पन्नासहून जास्त ओबडधोबड दगडी फरसबंदीचे. पेडल आपण मारायचंच नाही. नुसते हुकूम सोडायचे. संघातल्या एकाने पुढाऱ्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने पाण्याच्या बाटल्या वाहायच्या, शेवटी हात वर करणार एकटा पुढारी.

"अरे, हे खेळायला दिल्लीत लॅपटॉप कशाला लागतो?" मी म्हटलं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्याला (खरा) घाम तरी येतो!

भाच्याचा पुढारी फरसबंदीवर पंक्चर झाला. बाटल्यावाला नववा आला. त्याचं नाव भाच्याला आठवेना.